शेजारी बसणं वेगळं, सोबत बघणं वेगळं

"आम्ही मुलाला मोबाइलसमोर एकटं सोडतच नाही, कुणी ना कुणी जवळ असतंच." दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या स्क्रीनबद्दल विचारलं की हे उत्तर हमखास येतं, आणि आईबाबा ते मनापासून देतात. पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत कालवलेल्या असतात. जवळ असण्याने मूल सुरक्षित राहतं आणि नको ती जाहिरात वेळेवर बंद करता येते. भाषेला आणि समजेला काही फायदा झालाच, तर तो सोबत बघण्याने होतो.

मिनिटांचं कोष्टक बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार पहिल्या वर्षात स्क्रीन अजिबात नाही, दुसऱ्या वर्षातही शिफारस नाही, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. टीव्ही बरा की मोबाइल, हा वाद किरकोळ आहे. टीव्ही बरा, कारण तो लांब असतो आणि दोघांना एकदम दिसतो.

आता खऱ्या घोटाळ्याकडे. मुलांच्या टीव्ही बघण्यात पालक काय करतात, याची नेदरलँड्सच्या संशोधक पॅटी वाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तीन प्रकारांत विभागणी केली: बंधनं घालणं, समजावून सांगणं आणि नुसतं एकत्र बघणं. आपल्याकडे मात्र तिसऱ्याला सर्रास दुसऱ्याचे गुण दिले जातात. बाळ मांडीवर, समोर बडबडगीत, आणि आईच्या किंवा बाबांच्या हातात दुसरा मोबाइल. मूल बोट दाखवून "भूभू!" म्हणतं, वरून "हं" येतं. या वीस मिनिटांत मूल एकटंच होतं.

नुसत्या सोबतीने का भागत नाही, याचं कारण मुलाच्या वयात आहे. दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना खिडकीतून दाखवलं, तर ती जाऊन ते शोधून काढतात. तेच लपवणं पडद्यावर दाखवलं, तर बहुतेक वेळा चुकतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डिलोश यांचा १९९८ चा हा प्रयोग आहे. पडद्यावरची हम्मा आणि रस्त्यावरची हम्मा एकच, हे या वयात आपोआप कळत नाही. तो पूल कुणीतरी मोठ्या माणसाने बांधून द्यावा लागतो.

तोही प्रत्येक वयात टिकत नाही. २०१० मध्ये डिलोश यांनीच बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांवर शब्द शिकवणारा व्हिडिओ चार आठवडे तपासून पाहिला. काही मुलांनी तो पालकांसोबत बघितला, काहींनी पालकांशिवाय. एका गटाला व्हिडिओ दिलाच नाही, आईबाबांनी तेच शब्द रोजच्या बोलण्यातून शिकवले. सर्वांत जास्त शब्द या शेवटच्या गटाला आले. सोबत बघणारी मुलं काहीच न शिकवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. म्हणून "आम्ही सोबत बसतो, मग दीड वर्षाच्या बाळाला दाखवलं तर काय झालं?" हा युक्तिवाद सोडून द्यावा. खाली जे सांगितलंय ते दोन वर्षांनंतरचं आहे.

आधी स्वतःचा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. काय बघायचं ते आधी ठरवा: सात ते दहा मिनिटांचा एकच भाग, संथ, घरी बोलतो त्या भाषेतला. ऑटोप्ले बंद करा. तो चालू असेल, तर कधी थांबायचं हे तुम्ही ठरवत नाही आणि शेवटी रडारड ठरलेलीच. मुलाला मांडीवर घेऊ नका. मांडीवर त्याचा चेहरा दिसत नाही, आणि ते कुठे बघतंय हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अडतं. शेजारी, थोडं तिरकं बसा.

मग त्याच्या नजरेमागे जा. ते मांजराकडे बघत असेल तर मांजराबद्दल बोला, तुम्हाला शिकवायचा असलेला लाल रंग राहू द्या. एक वाक्य बोला आणि मनात पाच आकडे मोजून थांबा. बहुतेक मोठ्यांना हे थांबणंच जमत नाही. मूल "माऊ" म्हणालं, की त्यात एकदोन शब्दांची भर घाला: "हो, माऊ दूध पिते." दहा मिनिटांत दोनतीनदा पॉज पुरे, त्याहून जास्त झालं की मूल चिडतं. आणि त्याच दिवशी ती वस्तू घरात हाताला लागू द्या. पडद्यावर पोळी लाटली असेल, तर कणकेचा गोळा द्या.

यातली सगळ्यात वाईट सवय म्हणजे परीक्षा घेणं. "हे काय आहे? सांग. कलर कोणता? सांग ना!" अशा सरबत्तीत मूल गप्प होतं किंवा पाठ केलेलं उत्तर देतं, आणि घरच्यांना ती प्रगती वाटते. मोबाइल दाखवत भरवणं हाही सहभाग नाही, मग चमचा प्रेमाने भरवलेला असला तरी. पोट भरल्याची खूण मुलालाही कळत नाही आणि भरवणाऱ्यालाही.

उलट बाजूने, जो वेळ कुणी मोजतच नाही तो म्हणजे संध्याकाळची मालिका. मूल खेळत असतं, म्हणून तो त्याचा स्क्रीन टाइम धरला जात नाही. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात लहान मुलांच्या अंगावर रेकॉर्डर लावले होते. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मोठ्यांचे सरासरी ७७० शब्द कमी नोंदले गेले. आजीआजोबांना मालिका बघू द्या, पण मूल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असू दे.

व्हिडिओ कॉलला दोन वर्षांखालीही सूट आहे, कारण पलीकडचं माणूस उत्तर देतं. तरी फोन बाळाच्या हातात देऊन बाजूला होऊ नका. तो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर डब्याला टेकवून ठेवा. आजीने काही विचारलं, की तेच वाक्य तुम्ही सावकाश म्हणा. बाळाने चेंडू दाखवला तर आजीला सांगा, "आई, तुमच्याकडचा चेंडूही दाखवा." पाच-सात मिनिटांत बाळाने तोंड फिरवलं, की फोन ठेवा.