अग्निशमन जवानांच्या कामाच्या तासांचे नियमन : पार्श्वभूमी

पगारी दलांच्या आरंभीच्या काळात जवान जवळजवळ अखंड ड्युटीवर असत. विसाव्या शतकात दोन, पुढे तीन तुकड्यांची पद्धत रुळली, तरी २४ तासांची पाळी अनेक देशांत टिकली. त्यामुळे केंद्रात वर्दीची, म्हणजे मदतीसाठी येणाऱ्या बोलावण्याची, वाट पाहण्यात, प्रसंगी झोपेत गेलेला वेळ काम म्हणून मोजायचा की नाही, हा मुख्य वाद ठरला.

अमेरिकेत १९७४ च्या दुरुस्तीने जादा कामाचा कायदा सरकारी जवानांपर्यंत पोहोचला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्ये आणि शहरे त्यातून वगळली आणि १९८५ मध्ये तोच निर्णय फिरवला. तेथे अग्निशमन दलांना असलेल्या सवलतीनुसार जादा कामाचा वाढीव दर २८ दिवसांत २१२ तास भरल्यावरच द्यावा लागतो. पाळी २४ तासांहून मोठी असेल, तर कराराने झोपेचे कमाल ८ तास वगळता येतात.

युरोपीय संघाच्या १९९३ च्या आणि २००३ मध्ये एकत्रित केलेल्या निर्देशाने (सदस्य देशांवर बंधनकारक नियमाने) आठवड्याची सरासरी मर्यादा ४८ तास ठेवली. हजर राहण्याची सक्ती असलेला वेळ झोपेसह कामाचाच, हे संघाच्या न्यायालयात २००० आणि २००३ मध्ये डॉक्टरांच्या खटल्यांत ठरले. २००५ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या प्रकरणात अग्निशमन सेवाही या मर्यादेत आली आणि अपवाद केवळ असाधारण आपत्तीपुरता उरला. जर्मनीतल्याच हॅले शहरात ही मर्यादा मागणाऱ्या जवानाची सक्तीने केलेली बदली २०१० मध्ये बेकायदा ठरली. हक्क मागणाऱ्यालाच हलवले जात असेल, तर मर्यादा कागदावरच राहते, म्हणून या निकालाचे मोल मोठे आहे.

सर्वाधिक मतभेद २०१८ च्या निकालावरून झाले. बेल्जियममधील एका स्वयंसेवी जवानाला घरी थांबून बोलावणे येताच ८ मिनिटांत केंद्र गाठावे लागे. तो वेळ कामाचाच, असे न्यायालयाने म्हटले. स्वयंसेवकांवर चालणारी दले कोलमडतील, हा आक्षेप गंभीर होता. परंतु त्या वेळेचे वेतन किती, हे निर्देश ठरवत नाही, असे त्याच निकालात स्पष्ट होते आणि टीकेत ते बहुतेकदा सुटले. ८ मिनिटांच्या अंतरात जखडलेल्या माणसाला विश्रांती मिळते, असे म्हणणे कठीणच आहे.

२०२१ मध्ये जर्मनीतील ऑफनबाख शहराच्या प्रकरणात, जिथे २० मिनिटांत शहराची हद्द गाठायची होती, केवळ मिनिटे न पाहता बंधनांचा आणि बोलावण्यांच्या वारंवारतेचा एकत्रित विचार करण्यास न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी डब्लिनमधील अर्धवेळ जवानाला १० मिनिटांची अट असूनही दुसरा व्यवसाय करण्याची आणि काही वर्द्या नाकारण्याची मुभा होती. त्यामुळे त्याचा संपूर्ण प्रतीक्षाकाळ काम म्हणून धरला गेला नाही.