आग आपल्या हद्दीत का एमपीत?

मार्च लागला की मेळघाटात सागाची पानगळ पायाखाली करकरते. धारणीकडच्या एखाद्या डोंगरावर रात्री लाल रेघ दिसली, की पहिला प्रश्न हाच येतो: आग आपल्या हद्दीत का एमपीत?

ही हद्द काही फार जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती आणि आता मध्य प्रदेशात असलेलं बैतूल एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि सातपुड्यातलं एकसलग जंगल दोन वनखात्यांत वाटलं गेलं. गवत, साग, बांबू, वारा, सगळं होतं तसंच राहिलं.

वणव्यापासून जंगल राखायची पद्धत मात्र त्याहून कितीतरी जुनी, आणि तीही याच सातपुड्यातली. १८६४ च्या सुमारास कर्नल पिअरसन या अधिकाऱ्याने बोरीच्या जंगलात आगबंदी सुरू केली. पुढे जाळरेषा आल्या: उन्हाळ्याआधी पट्टा कापायचा, वाळला की राखणीत जाळायचा, म्हणजे पुढून येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. पण मोहफूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणारे हात गावातलेच, आणि वणवा विझवायला ओल्या फांद्या घेऊन धावणारेही गावातलेच. कायद्याने त्यांच्याकडे आधी आरोपी म्हणून पाहिलं, याचं मला फार वाईट वाटतं. गडचिरोलीत लेखा-मेंढा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क मिळाला, तेव्हा कुठे राखण करणाऱ्याला हक्काचा कागद मिळाला.

गडचिरोलीच्या दक्षिणेला प्राणहिता आणि इंद्रावती या नद्या तेलंगणा-छत्तीसगडच्या हद्दीवरच वाहतात, त्यांची पात्रं आग बरीच थोपवतात. जिल्ह्याच्या उत्तरेला, कोरचीकडे तशी मोठी नदी आड नाही.

कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर जंगलातून सुमारे ६ मीटरचा पट्टा साफ ठेवतात, पण तो सीमा दाखवण्यापुरता. मोठी आग तो सहज ओलांडते. म्हणून त्या दोन देशांनी १९८२ मध्ये वणव्यासाठी एकमेकांना माणसं आणि साधनं पुरवण्याचा करारच केला.

आपल्याकडे २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीची ठिकाणं कळवतं, दोन्ही राज्यांना. पण डोंगर चढायचा तो वनरक्षकाने आणि हंगामी मजुरानेच. निदान हद्दीवरच्या जाळरेषा तरी दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात, १५ फेब्रुवारीच्या आत जाळून व्हायला हव्यात आणि पलीकडच्या वनरक्षकाचा नंबर अलीकडच्याच्या मोबाइलमध्ये असायला हवा.