मरताना गाणारा हंस आणि 61 नंबरचा तारा

ग्रीक पुराणांतला हंस म्हटलं की बहुतेकांना झ्यूस आठवतो. स्पार्टाची राणी लीडा हिच्यासाठी त्याने हंसाचं रूप घेतलं आणि त्यातून जन्मलेल्या हेलनपायी पुढे ट्रॉयचं युद्ध पेटलं. मला दुसरी कथा जास्त आवडते. सूर्यपुत्र फेथॉनने हट्टाने बापाचा रथ हाकायला घेतला, घोडे उधळले, पृथ्वी होरपळू लागली. शेवटी झ्यूसने वज्र मारून त्याला एरिडानस नदीत पाडलं. त्याचा जिवलग सिक्नस काठाने रडत फिरला. रडता रडता त्याचा आवाज बारीक झाला, केसांची पांढरी पिसं झाली, मान लांबली. रोमन कवी ओव्हिड सांगतो, की वज्र वरून आलं होतं म्हणून या हंसाने आकाशावर कधी भरवसा ठेवला नाही, त्याने पाणीच धरलं. आणि नेमकं यालाच देवाने ताऱ्यांत नेऊन बसवलं, असंही काही जुने लेखक सांगतात!

मरणापूर्वी हंस गातो, ही समजूतही ग्रीकांचीच. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात राणी क्लायटेम्नेस्ट्रा म्हणते, की तिने मारलेली ट्रॉयची बंदिवान राजकन्या कॅसांड्रा हंसासारखी अखेरचा विलाप करून गेली. प्लेटोचा सॉक्रेटिस विषाचा प्याला घेण्याआधी मित्रांना समजावतो, की हंस दुःखाने गात नाहीत. ते अपोलोचे पक्षी, आपल्या देवाकडे निघाल्याच्या आनंदात गातात. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने मात्र साफ सांगितलं, की प्रत्यक्ष पाहिलं तर हे खोटं ठरतं.

प्लिनीचं बरोबर, पण कथा अगदीच हवेतून आलेली नसावी. युरोपच्या तळ्यांवर दिसणारा, नारिंगी चोचीचा मूक हंस फारसा ओरडत नाही. उडताना त्याच्या पंखांचाच घुमणारा आवाज दूरवर जातो. पिवळ्या-काळ्या चोचीचा हूपर हंस मात्र तुतारीसारखा साद घालतो. त्याची श्वासनलिका सरळ फुप्फुसात न जाता छातीच्या हाडाच्या पोकळीत शिरते, तिथे वळसा घेऊन परत येते आणि मग आत उतरते. उत्तरेकडचा हा पक्षी हिवाळ्यात ग्रीसपर्यंत येतो. मरताना फुप्फुसातली उरलेली हवा या लांब नळीतून निघते, तेव्हा सूर उमटत असावेत, असा काही पक्षितज्ज्ञांचा तर्क आहे. (महाराष्ट्रात मात्र खरे हंस शोधू नयेत. हिवाळ्यात भिगवणला येतो तो पट्टकादंब, म्हणजे हंसाचा फार तर चुलतभाऊ.)

आकाशातला हंस, म्हणजे हंस तारकासमूह, पाहायला ऑक्टोबरची संध्याकाळ उत्तम. पाऊस सरलेला असतो आणि आठच्या सुमारास हंस उत्तरेकडे उंचावर असतो. अभिजित आणि श्रवण यांच्याबरोबर मोठा त्रिकोण करणारा तिसरा ठळक तारा डेनेब, ती त्याची शेपटी. मान आकाशगंगेच्या पट्ट्यातून दक्षिणेकडे ताणलेली. चोचीच्या टोकाला अल्बिरिओ. छोट्या दुर्बिणीतून त्याचे दोन तारे होतात, एक सोनेरी, दुसरा निळसर. काही पायथागोरसपंथी आकाशगंगेला फेथॉनच्या वेळी कोसळलेल्या ताऱ्याची वाट मानत, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. म्हणजे हंस मित्राच्याच वाटेवरून उडतोय म्हणायचं.

पण या समूहातला माझा आवडता तारा यांपैकी कोणीच नाही. हंसाच्या एका पंखाजवळ, शहरातून तर दिसणारच नाही इतका मंद, 61 सिग्नी (म्हणजे हंसातला 61 नंबरचा तारा) आहे. इतर ताऱ्यांच्या तुलनेत तो दरवर्षी बराच सरकतो, म्हणजे तो जवळ असणार, असं जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेलने ताडलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, सहा महिन्यांत तीस कोटी किलोमीटर बाजूला जाते; मग जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांसमोर किंचित डोलताना दिसायला हवा. किंचित म्हणजे किती? दोन सेंटीमीटरचं नाणं सात किलोमीटरवरून जेवढं दिसेल, साधारण तेवढा कोन. 1838 मध्ये बेसेलने तो मोजला आणि अंतर सुमारे 10 प्रकाशवर्षं काढलं. आजचा आकडा 11.4. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचं अंतर विश्वासार्हपणे प्रसिद्ध होण्याची ही पहिली वेळ.

याच पद्धतीपुढे शेपटीचा डेनेब अजूनही दाद देत नाही. तो इतका दूर आहे, की त्याचं डोलणं अतिसूक्ष्म, आणि त्याच्या अंतराचे अंदाज सुमारे 1,500 पासून 2,600 प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले आहेत.