फवारणीआधी पानाची मागची बाजू बघा

उन्हाळा लागला की आमच्याकडे एकच मागणी येते: "झाडाला कीड लागलीये, औषध मारून द्या." मारून देतो, तो आमचा धंदाच आहे. पण कीड कोणती हे न बघता मारलेलं औषध बहुतेक वेळा वाया जातं.

जास्वंद, चाफा, क्रोटनवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात तो पिठ्या ढेकूण. द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. तो रस शोषतो आणि चिकट, गोड पाणी सोडतो. त्यावर काळी काजळी धरते, झाडाखाली लावलेली गाडीही चिकट होते. या गोड पाण्यासाठी मुंग्या येतात आणि मित्रकिडींना (ही कीड खाणाऱ्या किड्यांना) जवळ फिरकू देत नाहीत. म्हणून आम्ही सुरुवात मुंग्यांपासून करतो. खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावायचं (थेट सालीवर नाही), आणि भिंतीला किंवा केबलला टेकलेल्या फांद्या छाटायच्या, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, झाडाखाली सोडू नका. मग पाइपने पाण्याचा जोरदार मारा करा. एवढं झाल्यावर 1500 पीपीएम तीव्रतेचं निमतेल, लिटरला 5 मिली, ऊन उतरल्यावर पानांच्या मागून फवारा. अंडी कापसाच्या आवरणात सुरक्षित राहतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी दुसरा हात लागतोच.

एक घोळ नेहमी होतो. पिठ्या ढेकणात कधीकधी तशीच पांढरी, झुपकेदार, पण मोठी आणि चपळ अळी फिरताना दिसते. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. ती पिठ्या ढेकूणच खाते, आणि द्राक्षबागेत हे भुंगेरे मुद्दाम सोडतात. काडीने डिवचल्यावर तुरुतुरु पळाली, तर फवारणी थांबवा. फुकटचा मजूर मिळालाय.

फायकसची पानं मध्यशिरेवर घडी पडून मिटली असतील, तर एक पान उघडून बघा. आत बारीक काळे फुलकिडे असतात. घडीच्या आत औषध पोचत नाही, म्हणून छाटणी हाच उपाय. सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठी दिसायला वाईट, पण त्यांनी मोठं झाड मरत नाही. गाठ एकदा धरली की औषधाने जात नाही. अशोकाच्या पानांवरच्या हिरव्या अळ्या बऱ्याचदा टेल्ड जे फुलपाखराच्या असतात, त्यांना राहू द्या.

पामच्या बाबतीत मात्र आम्ही घाई करतो. नव्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा आलाय. शेंड्यातल्या भोकातून तो तारेच्या हुकाने ओढून काढतात आणि पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड व वाळू मिसळून भरतात. शेणखताचा जुना ढीग आवारात असेल तर आधी तो उकरा, त्याच्या अळ्या तिथेच वाढतात. गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमेतून पुढे खोड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा शिरतो. खोडाच्या भोकातून तांबूस चिकट रस आणि चावलेला भुसा येत असेल, तर थांबू नका. शेंडा सुकल्यावर कोणी काही करू शकत नाही.

आणि कृपा करून गावाकडच्या बागेतलं उरलेलं औषध बंगल्यात आणू नका. ते शेतासाठी आणि ठरावीक पिकासाठी असतं. इथे शेजारी मुलं खेळतात, कुत्री-मांजरं पाण्याच्या भांड्याला तोंड लावतात, फुलांवर मधमाश्या असतात. "द्राक्षाला चालतं, मग चाफ्याला का नाही?" असं विचारणारे भेटतात. लेबलवर चाफा लिहिलेला नाही, म्हणून.

किडीने खंगलेलं झाड तोडायचं ठरलंच, तर महापालिकेची परवानगी लागते. झाड तुमच्या आवारातलं असलं तरी महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार ती घ्यावीच लागते. अर्ज करायला आम्ही मदत करतो, पण परवानगी हातात येईपर्यंत करवत लावत नाही.

आम्हाला बोलवण्याआधी पानाच्या दोन्ही बाजूंचा जवळून आणि पूर्ण झाडाचा लांबून, असे फोटो पाठवा. आधी कोणी काही फवारलं असेल तर त्याच्या बाटलीचाही फोटो जोडा.