ऑनसाइट गेलं की 'सहा महिन्यांत सगळे सेट होतात' म्हणे

कंपनीच्या कामासाठी परदेशी, म्हणजे ऑनसाइट, जाणाऱ्यांसाठी फिरणारा फॉरवर्ड असा असतो: पहिला महिना मजा, मग तीन महिने घरची आठवण, सहाव्या महिन्यात माणूस सेट, सगळ्यांचं असंच होतं.

ही कल्पना हवेतली नाहीये. 1955 साली अमेरिकेहून परतलेल्या 200 नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींचा अभ्यास छापून आला, तिथून ही 'यू' आकाराची रेघ (आधी बरं, मधे घसरण, मग पुन्हा बरं) आली. पण त्यात एकाच माणसाला महिनोन्‌महिने पाहिलं नव्हतं, वेगवेगळी मुदत राहून आलेल्यांची तुलना होती आणि तीही परतल्यावर विचारून. आणि त्यातसुद्धा सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचंच सगळ्यात कमी जमलेलं दिसलं, म्हणजे सहाव्या महिन्यात सेट हे त्यातही नाही!

दुसरं म्हणजे जमणं ही एकच गोष्ट नसते. जर्मनीत गेलेल्याचं ऑफिसचं काम पंधरा दिवसांत रुळावर येतं, कारण लॅपटॉप तोच आणि टीमही बरीचशी पुण्यातलीच, पण रविवारी दुकानं बंद, डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार आणि शेजाऱ्यांशी बोलायला भाषा नाही, हे वर्षभरही खुपू शकतं. आणि सोबत आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला तर ऑफिसच नसतं, त्यांचं वेळापत्रक पूर्ण वेगळं (हे फॉरवर्डवाले नेहमी विसरतात).

तपासायचंय? ऑफिस, रोजचं जगणं, माणसं यांना दर रविवारी दहापैकी मार्क द्या, घरातल्या प्रत्येकाने वेगळे. दोन-तीन महिन्यांनी बघा रेघा एकसारख्या येतात का. सातव्या महिन्यातही करमत नसेल तर तुमच्यात काही बिघाड आहे असं नाही, मॅनेजरशी बोला बिनधास्त.