थंडीत शेगडी मंदावते, तेव्हा गॅस संपलेला नसतो

भटकंतीसाठी दणकट गॅसशेगडी निवडताना खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहूनच पैसे मोजण्याची चूक मीही केली आहे. 'दहा हजार बीटीयू' (बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक) म्हणजे तासाच्या हिशेबाने साधारण ३ किलोवॅट, आणि तो दावा खोटाही नव्हता. पण कडाक्याच्या थंडीतल्या एका पहाटे त्याच शेगडीची ज्योत काही मिनिटांत मेणबत्तीएवढी झाली, आणि गॅसचा डबा कानाशी धरून हलवला तर आत निम्म्याहून अधिक द्रव डुचमळत होता. पत्र्यावर नेमका द्रवाच्या पातळीपर्यंत हिमाचा पांढरा थर चढला होता.

डब्यात दाबाखाली द्रवरूप झालेले इंधन असते, बहुधा ब्युटेन, प्रोपेन यांसारख्या वायूंचे मिश्रण. झडप उघडली की वरची वाफ बाहेर पडते आणि तिची जागा भरून काढण्यासाठी द्रव उकळू लागतो. त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता तो स्वतःतून, पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. ३ किलोवॅटची ज्योत मिनिटाला सुमारे ४ ग्रॅम इंधन जाळते, आणि ब्युटेनच्या प्रत्येक ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे ३७० ज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ २५ वॅट. ज्योतीच्या मानाने हे शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे. तरीही डब्यात २०० ग्रॅम द्रव असेल आणि बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही, तर तो मिनिटाला ३ अंश सेल्सिअसच्या आसपास गार होत जाईल. हवा थोडी भरपाई करते, त्यामुळे ही घसरण मंदावते इतकेच.

आता उत्कलनबिंदू पाहा, म्हणजे ज्याच्या खाली द्रव गार झाला की ज्योतीला पुरेसा दाब उरत नाही ते तापमान: प्रोपेन उणे ४२, आयसोब्युटेन उणे १२, साधे ब्युटेन उणे अर्धा अंश. मिश्रणातून प्रोपेन अधिक वेगाने उडून जाते आणि मागे उरलेला द्रव अधिकाधिक ब्युटेनचा होत जातो, म्हणून अर्धा डबा उरल्यावर शेगडी अचानक आजारी पडते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने मात्र ब्युटेनला थोडी सवलत मिळते. ३,००० मीटरवर ते उणे १० अंशांच्या सुमारास उकळते.

डबा हलवला की गॅस 'जागा होतो' असे सांगणारे जाणकार प्रत्येक तंबूत भेटतात. त्यात बरेचसे काम तळहातांच्या उबेचे असते. डबा कोमट पाण्याच्या थाळीत ठेवला तर तोच परिणाम अधिक टिकतो.

म्हणून थंड प्रदेशासाठी मी आयसोब्युटेन-प्रोपेनचा डबा आणि नळीने जोडलेली, रुंद पायांची, ज्योतीतून जाणारी धातूची नळी असलेली शेगडी घेईन. अशा शेगडीत डबा उलटा ठेवता येतो: वाफेऐवजी द्रवच बाहेर येतो, त्याची वाफ गरम नळीत होते आणि सुप्त उष्णतेचा भार डब्यावर न पडता ज्योतीवर पडतो. ज्योतीतून जाणारी नळी नसलेल्या शेगडीवर डबा उलटा करू नये, भडका उडतो. गाडीतून फिरणाऱ्यांना मोठा सिलिंडर नेता येतो, आणि द्रव जास्त असल्याने तो सावकाश गार होतो. रेग्युलेटर डब्यातला दाब बदलत असतानाही ज्योत बरीचशी सारखी ठेवतो, पण दाबच उरला नाही तर तोही हतबल असतो. ठिणगीच्या बटणावर विसंबू नये, लायटर जवळ असावा.

वाऱ्यासाठी आडोसा हवाच, पण डब्यावरच बसणाऱ्या शेगडीभोवती तो पूर्ण गुंडाळला तर डबा तापून धोका निर्माण होतो. मधूनमधून पत्र्याला हात लावून पाहावा आणि तो गरम लागला तर शेगडी लगेच बंद करावी.