नको असलेली मैत्री आणि ‘द केबल गाय’

१९९६ साली आलेला ‘द केबल गाय’ लोक जिम कॅरीची कॉमेडी म्हणून बघायला गेले आणि बऱ्याच जणांचा मूड गेला. साहजिक आहे, या रोलसाठी कॅरीने २ कोटी डॉलर घेतले होते, तेव्हा त्या आकड्याची केवढी चर्चा झाली, सगळे पोट धरून हसायच्या तयारीत, आणि दिग्दर्शक बेन स्टिलरने समोर उभा केला एक असा माणूस ज्याच्या मैत्रीची भीती वाटायला लागते. पण एकतर्फी मैत्री कशी वाढत जाते हे मानसशास्त्राच्या इतकं जवळ जाऊन दाखवणारा सिनेमा मला तरी दुसरा माहीत नाही.

गोष्ट साधी आहे. स्टीवन (मॅथ्यू ब्रॉडरिक) गर्लफ्रेंड रॉबिनला लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते, तो नवीन फ्लॅटमध्ये एकटा राहायला येतो. केबल लावायला आलेल्या चिपला (जिम कॅरी) तो ५० डॉलर पुढे करतो, फुकटात मूव्ही चॅनल्स मिळतील का म्हणून. चिप चॅनल्स देतो, आणि तिथूनच स्टीवन त्याचा जिवलग मित्र होऊन बसतो, म्हणजे चिपच्या डोक्यात.

आता मैत्री व्हायला वेळ लागतो, हे मोजलेलं आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, पक्की मैत्री व्हायला ९० आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर तास लागतात असं दिसलं. चिपला हे सगळे तास उडी मारून पार करायचेत. अख्खी होम एंटरटेनमेंट सिस्टीम आणून देतो, आन्सरिंग मशीनवर मेसेजवर मेसेज, स्टीवन घरी आहे की नाही याचा सुद्धा विचार नाही.

मला जास्त विचार करायला लावतो तो स्टीवन. तो सरळ नाही म्हणतच नाही. डिनरला जातो, ते सगळं सामान परत ने म्हणतो पण त्याच सामानावर घरात कॅरिओकी पार्टी होऊ देतो. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाचा अभ्यास छापला, त्यात लोकांकडून दोन्ही बाजूंच्या आठवणी लिहून घेतल्या, आपण कुणाच्या मागे होतो तेव्हाची आणि कुणी आपल्या मागे होतं तेव्हाची. मागे लागणाऱ्याला वाटत होतं की समोरच्याने आपल्याला आशा दाखवली, आणि ज्याला ते नको होतं त्याला अपराधी वाटत होतं, राग येत होता आणि नेमकं काय बोलावं तेच कळत नव्हतं. ज्याला हवंय त्याने काय करायचं हे हजार कथा-गाण्यांनी शिकवलंय, प्रयत्न सोडू नकोस, ती हो म्हणेल. समोरच्याने न दुखावता नाही कसं म्हणायचं ते कोणीच शिकवत नाही, म्हणून माणूस टाळतो, बिझी आहे म्हणतो, फोन उचलत नाही आणि मग वाईट वाटून एखाद्या वेळी उचलतो. हा एखाद्या वेळी उचललेला फोनच महागात पडतो. मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बक्षीस कधी मिळतं कधी मिळत नाही अशा वेळी सवय सर्वात चिवट होते, दरवेळी मिळत होतं आणि मग बंद झालं तर ती त्या मानाने लवकर सुटते.

पण फोन न उचलल्यावर बहुतेक माणसं थोडं वाईट वाटून घेतात आणि सोडून देतात. चिप का सोडत नाही? विल्यम क्युपाक आणि ब्रायन स्पिट्झबर्ग या संशोधकांनी अशा पिच्छा पुरवण्यावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं एक छोटं ध्येय, म्हणजे या एका माणसाशी नातं, आपल्या अख्ख्या आयुष्याच्या सुखाशी आणि किमतीशी जोडून टाकतात. मग नकार म्हणजे एक मैत्री गेली असं राहत नाही, आपणच काही लायकीचे नाही असं होतं. तेच तेच विचार डोक्यात फिरतात, भावना उसळतात, आणि आपण करतोय ते कसं बरोबर हेही माणूस स्वतःला पटवत जातो. चिप रॉबिनच्या डेटला बाथरूममध्ये मारतो ते स्टीवनवर उपकार करतोय या समजुतीनेच.

चिपला लहानपणी टीव्हीनेच वाढवलं, आई घरी नसायची. टीव्हीवरच्या माणसाशी आपलं नातं आहे असं प्रेक्षकाला वाटतं, यावर हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं. बहुतेकांसाठी हे निरुपद्रवी असतं, खऱ्या नात्यांच्या जोडीला. चिपकडे जोडीला काहीच नव्हतं, आणि टीव्हीवरचं पात्र कधी कंटाळत नाही, दार बंद करत नाही. समोरच्याचा चेहरा बघून एक पाऊल मागे घ्यायची प्रॅक्टिस त्याला मिळणार कुठून?

शेवटी जखमी चिपला हेलिकॉप्टरमधून नेताना पॅरामेडिक सहज त्याला दोस्त म्हणतो, आणि चिप लगेच विचारतो, मी खरंच तुझा दोस्त आहे का. अनेकांना हा शेवटचा जोक वाटतो. मला तो सिनेमातला सर्वात अचूक सीन वाटतो, कारण स्टीवन कोण होता याने चिपला कधी फरक पडलाच नव्हता, ध्येय तसंच शिल्लक आहे आणि आता ते या पॅरामेडिकला चिकटणार.